माझा अ‍ॅम्प पळवणाऱ्या टेम्पोचं भाडंही मीच भरलं

एका भामट्याने माझं काय काय नेलं? 58,000 चा गिटारचा अ‍ॅम्प, यूपीआयने गेलेले 8,800 आणि टेम्पोचं भाडं 1,200. एकूण 68,000. भाडं वेगळं लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त तेच झोंबतंय.

वस्तू म्हणजे व्हॉक्स एसी15, गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं. बारा इंची ग्रीनबॅक स्पीकर, पॉवरला दोन ईएल84 व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. कॉलेजपासून डोक्यात बसलेला. 2017 मध्ये एफडी मोडून सेकंडहँड घेतला, 46,000 ला. 15 वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण व्हॉल्व्हचे 15 वॅट कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाजवून बघा, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघालंच म्हणून समजा. व्हॉल्यूमची खुंटी कधी अर्ध्यावर नेता आली नाही. त्यात मुलीची बारावी. विकू की नको यात किती महिने घोळ घातला. जाहिरात टाकायची, रात्री काढायची, पुन्हा टाकायची. बायको म्हणाली, एकदाचं काय ते ठरवा. ठरवलं. आणि एवढ्या घोळानंतर ठरवलं की मन फिरायच्या आत वस्तू घराबाहेर जावी असं वाटतं. चोराला नेमकं एवढंच लागतं.

फोन आला तो ‘दादा, दादा’ करत. 58,000 सांगितले, तो ‘चालेल’ म्हणाला. एक रुपयाची घासाघीस नाही. पुण्यात! मग त्याने विचारलं, “ब्लूटूथ आहे ना याला?”

इथे. इथेच फोन ठेवायला हवा होता. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेणारा माणूस व्हॉल्व्ह कधी बदलले विचारतो, रिव्हर्बची (आवाज घुमवणारी) स्प्रिंग खडखडते का विचारतो, गिटार घेऊन येतो आणि तासभर वाजवून डोकं खातो. ब्लूटूथ विचारत नाही. मला वाटलं, पोरासाठी घेत असेल, बापाला काय कळतंय. सांगा ना, तुम्ही काय समजला असता?

रविवारी टेम्पो दारात. त्याच वेळी मेसेज: खात्यात 68,000 जमा. लगेच त्याचा फोन, “दादा, घाईत दहा हजार जास्त गेले. टेम्पोचे बाराशे त्यातूनच द्या, उरलेले 8,800 या नंबरवर टाका.” मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून होता. बँकेचा मेसेज असा येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरं असतात आणि शेवटी हल्ली एस किंवा टी असं लागतं. घरी सगळ्यांना दाखवून ठेवा. पण बँकेचं अ‍ॅप ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणत फिरत होतं, गेटवर वॉचमन टेम्पो हलवा म्हणून ओरडत होता, फोनवर हा. 22 किलोचं धूड ड्रायव्हरबरोबर मीच उचललं, वर त्याला बाराशे रोख दिले आणि 8,800 यूपीआयने पाठवले. 68,000 मात्र खात्यात आलेच नव्हते.

अ‍ॅपमध्ये स्वतःची शिल्लक दिसेपर्यंत वस्तू उंबऱ्याबाहेर नाही. मेसेज किंवा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

आता यंत्रणा. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला, तेवढं बरं. बँक म्हणते, पिन तुम्ही स्वतः टाकलात, आमची जबाबदारी नाही. समोरच्या खात्यात 1,340 रुपये गोठवलेत, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा! 1,340 साठी वकील करू? पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, 8,800 आमचे, अ‍ॅम्प ठाण्याचा. परत ठाण्यात. “तुम्हीच हाताने दिलात ना? मग चोरी कशी?” अहो, चोरी कोण म्हणतंय? फसवणूक म्हणतोय! 420 जाऊन भारतीय न्याय संहितेत 318 आलंय, ते सांगितलं तर साहेब म्हणतात, “तुम्ही वकील आहात का?” हद्दीचं कारण सांगितलं तरी ऐकू नका, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असं 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये, स्पष्ट आहे. शेवटी अर्ज घेतला. एफआयआर नाही, अर्ज. मी मॉडेल, सिरियल नंबर, फोटो सगळं पुढे ठेवलं, आणि हवालदारांनी माझ्यासमोर लिहिलं: ‘काळा स्पीकर बॉक्स, जुना, 1 नग.’

टेम्पोवाल्याचा नंबर दिला, त्यांनी फोनसुद्धा केला नाही. मीच केला. बिचारा खरं बोलला: कात्रज बायपासला दुसऱ्या गाडीत माल चढवला, गाडीचा नंबर बघितला नाही. हे पोलिसांना कळवलं. “बघतो” म्हणाले. अजून बघतायत.

महागडी वस्तू विकताय तर सिरियल नंबरचा फोटो काढाच, आणि घेणारा स्वतः येऊन वाजवून बघत नसेल तर फोन कट करा. ‘भाचा येईल’, ‘टेम्पो पाठवतो’ वगैरे काही नाही.

आणि गिटारवाल्यांनो, पुण्या-मुंबईत कुणी ‘अर्जंट’ म्हणून 30-35 हजारांना एसी15 दाखवला तर आधी नीट बघा. उजव्या खालच्या कोपऱ्यावरचं रेक्झिन फाटलेलं आणि स्टँडबायच्या स्विचशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका असेल तर तो माझा आहे. पैसे देऊ नका, फोटो काढा, मला कळवा.