‘कमर्शियल’ वॉशिंग मशीनच्या नावाखाली घरगुती माल: वसतिगृह आणि पीजी चालवणाऱ्यांनी पैसे देण्याआधी हे वाचा

पुण्याच्या कर्वेनगर भागातल्या मुलींच्या एका वसतिगृहाला चार टॉप लोड (वरून कपडे टाकायची) वॉशिंग मशीन ‘कमर्शियल, दहा किलो, क्यूआर पेमेंटसह’ म्हणून विकली गेली. बहुतेक रक्कम आगाऊ घेतली. दोन महिन्यांत दोन मशीन बंद पडली, तिसरं स्पिनला घरघरायला लागलं आणि विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. हाच प्रकार वाकड, हिंजवडी, विमाननगरच्या पीजींमध्येही होऊ शकतो, म्हणून त्यातली चलाखी नीट समजून घ्या.

आत निघाली ती साडेसहा-सात किलोची जुनी घरगुती मशीन. बॉडीला नवा रंग, झाकण नवं, पुढे चकचकीत स्टिकर. मागची नेमप्लेट (मॉडेल, व्होल्टेज लिहिलेली पट्टी) मात्र खरवडलेली आणि तिच्या जागी फक्त ‘हेवी ड्यूटी’ छापलेला कागद. मशीन आडवं केल्यावर टबच्या खाली, ड्रम फिरवणाऱ्या दांड्याभोवती म्हणजे शाफ्टभोवती तांबूस ओघळ दिसले. वरचं सील गेलं की पाणी क्लचच्या (मोटरची फिरकी ड्रमपर्यंत नेणाऱ्या भागाच्या) बेअरिंगमध्ये उतरतं, बेअरिंग गंजतं आणि त्याचे असे ओघळ येतात. रंगकाम करणाऱ्याने नेमकी हीच जागा सोडली होती, कारण मशीन आडवं करून कोणी बघत नाही.

घरगुती मशीन वाईट नसतं, पण ते या कामासाठी बनवलेलंच नसतं. साधा हिशेब करा. ६० मुली, प्रत्येकीचे आठवड्याला दोन धुवे, म्हणजे १२० धुवे. चार मशीनवर वाटले तर प्रत्येकी ३०, वर्षाला दीड हजारांच्या वर. घरात रोज एक धुवा धरला तरी एवढं काम व्हायला चार वर्षं लागतात. त्यात जीन्स, चादरी, टॉवेल एकदम कोंबले जातात. आधी बेल्ट घसरतो, मग क्लच, मग टब टांगून धरणारे सस्पेन्शन रॉड. खऱ्या कमर्शियल मशीनचा शाफ्ट, बेअरिंग आणि सस्पेन्शन याच माऱ्यासाठी जाड केलेले असतात. म्हणूनच ते घरगुती मशीनच्या कितीतरी पट महाग असतं. घरगुतीपेक्षा चार-पाच हजार जास्त देऊन कमर्शियल मिळत असेल तर तिथेच थांबा.

सगळ्यात घातक भाग क्यूआरच्या डब्याचा. खऱ्या कमर्शियल मशीनमध्ये पैसे आल्याचा इशारा कंट्रोल बोर्डला जातो आणि बोर्ड सायकल सुरू करतो. वीज मध्येच तोडली जात नाही. या मशीनमध्ये डबा म्हणजे प्लगच्या आधी बसवलेला टायमर आणि एक छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच). पैसे आले की ४५ मिनिटं वीज सुरू, मग बंद. टाकीचा दाब कमी असला, पाणी भरायला वेळ लागला, की शेवटच्या स्पिनच्या मध्येच वीज जाते आणि कपडे ओलेचिंबच राहतात. मोटर सुरू होताना करंट उसळतो. त्याने रिलेचे पॉइंट चिकटले की मशीन फुकट चालत राहतं. आणि डब्यावरचा क्यूआर कोणाच्या खात्याचा? विक्रेत्याच्या. ‘दर सोमवारी हिशेब’ असं ठरलं होतं; तीन सोमवार पैसे आले, पुढे नाहीत. स्वतःच एक रुपया पाठवून समोर कोणाचं नाव येतं ते बघा. खातं संस्थेचंच हवं.

दुसरा माल अमेरिकेतल्या लॉन्ड्रीतून निघालेल्या मशीनचा. ही मशीन अस्सल कमर्शियल असतात, पण १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. सोबत ट्रान्सफॉर्मर देऊन ‘आता काही अडचण नाही’ सांगतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ (विजेची वारंवारता) नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर साधी इंडक्शन मोटर पाच-षष्ठांश वेगानेच फिरते, जास्त तापते, आणि तशाच मोटरचा ड्रेन पंपही मंदावतो. नेमप्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ नसेल तर घेऊ नका.

माल उतरवताना मेकॅनिक आपला ठेवा, विक्रेत्याचा नको. टब हाताने खाली दाबून सोडा. एकदा उसळून स्थिर व्हायला हवा, हेलकावे खात राहिला तर रॉड गेलेत. रिकामा ड्रम हाताने फिरवून घरघर येते का ते ऐका. ड्रम ३०४ स्टीलचा (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) सांगितला असेल आणि चुंबक घट्ट चिकटत असेल, तर तो बहुधा ३०४ नाही. सीरियल नंबर कंपनीच्या हेल्पलाइनला कळवून मॉडेल आणि उत्पादनाचं साल विचारा. मग पूर्ण भार टाकून सलग तीन धुवे घ्या, कारण तापलेल्या मशीनचे दोष पहिल्या धुव्यात दिसत नाहीत.

तक्रार केली की ‘तुमचं पाणी जड आहे’ हे उत्तर ठरलेलं. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं हे खरं, त्याने इनलेटची जाळी तुंबते आणि क्षार बसतात. पण जड पाण्याने दोन महिन्यांत क्लच जात नाही. पाण्याच्या दाबाची अट मात्र खरी आहे: बहुतेक मशीनना किमान ०.३ बार लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापासून साधारण तीन मीटर वर हवं. वरच्याच मजल्यावर धुलाईखोली असेल तर हे आधी मोजून घ्या.

बिलावर मॉडेल, सीरियल नंबर आणि ‘व्यावसायिक वापरासाठी वॉरंटी’ हे शब्द लिहून घ्या. घरगुती मशीनच्या वॉरंटी कार्डात वसतिगृह, हॉटेलचा वापर बहुधा वगळलेला असतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते बघा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. किमान तीस टक्के रक्कम चाचणीनंतरच द्यायची, असं ऑर्डरवरच लिहा.

फसवणूक झालीच तर हे लक्षात ठेवा: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून चालवलेला धंदा तेवढा अपवाद. छोटा पीजी स्वतः चालवणाऱ्याने ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारून घ्यावं. ऑनलाइन पैसे देऊन मालच आला नसेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. खोटी नेमप्लेट लावून माल विकला असेल तर पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार देता येते. त्यासाठी खरवडलेल्या नेमप्लेटचे आणि गंजाच्या ओघळांचे फोटो मशीन दुरुस्तीला उघडण्याआधीच काढून ठेवा. एकदा मेकॅनिकने खोललं की विक्रेता ‘तुम्हीच बिघडवलं’ म्हणून हात वर करतो.