महेश्वरीसाठी मशीनची सुई: नेहमीची १४ की टोकदार ११?

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास शिवणसामानाच्या कुठल्याही दुकानात मशीनची सुई मागा, पुढ्यात येते ती ‘चौदह नंबर’, नाहीतर ‘सोलह’. यात दुकानदाराचं काही चुकत नाही. चादरी, पडदे, अभ्रे, सुती परकर, मुलांचे गणवेश अशी घरातली बहुतेक शिवण त्याच सुईवर निभावते. अडतं ते शीतलामाता बाजारातून हौसेनं आणलेल्या महेश्वरीला फॉल लावताना, किंवा तिच्या ब्लाउजपीसवर पहिली शिवण घालताना. सुई बदलायचीच आहे, तर पुन्हा तीच युनिव्हर्सल १४ लावावी की ‘मायक्रोटेक्स’ म्हणून मिळणारी तीक्ष्ण टोकाची ११? ज्यांच्या घरच्या मशीनवर वर्षाकाठी चार-सहा तरी रेशमी ब्लाउज शिवले जातात, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडला आहे.

पाकिटावर ९०/१४ आणि ७५/११ असे जोडआकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे एक सुई ०.९० मिमीची, दुसरी ०.७५ मिमीची. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण भोकाच्या क्षेत्रफळात तो ३० टक्क्यांच्या घरात जातो. दुसरा फरक टोकाचा. युनिव्हर्सलचं टोक अगदी किंचित गोलसर ठेवलेलं असतं, म्हणजे विणलेल्या कापडावरही चालावं आणि होजियरीवरही वेळ निभावावी. मायक्रोटेक्सचं टोक अणकुचीदार आणि सडपातळ. दांडा दोघींचा सारखाच, एका बाजूने चपटा. घरगुती मशीनची १३०/७०५ एच ही पद्धत. आपल्याकडच्या पाकिटांवर दिसणारं एचए×१ हे त्याच मापाचं नाव. तेव्हा ‘माझ्या मशीनला बसेल का’ ही शंका दोन्ही बाबतीत नको. बसणार नाही ती कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची डीबी×१. शेजारच्या शिंप्याकडून घाईत उसनी आणलेली सुई पुष्कळदा नेमकी तीच निघते.

दोन्हींचे गुणदोष आहेत, पण एका गोष्टीपुढे बाकीचे मला दुय्यम वाटतात: ओढला गेलेला धागा.

महेश्वरीत सहसा ताणा, म्हणजे लांबीचा धागा, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा असतो. सुती धागा आखूड तंतूंना पीळ देऊन बनतो. त्याच्यावर सुईचं टोक आलं तर तो थोडा सरकतो, थोडा फुलतो, आणि विषय संपतो. रेशमाचा तंतू सलग आणि लांबलचक असतो. गोलसर टोक, विशेषतः चार-दोन शिवणी होऊन बोथटलेलं, त्या तंतूला भेदत नाही आणि नीट बाजूलाही सारत नाही; त्याला पकडून खाली घेऊन जातं. टाका आवळला की तो तंतू तेवढा शिवणीत खेचला जातो. त्याची खूण शिवणीवर दिसत नाही, शिवणीपासून वीतभर दूर दिसते. उजेडात तिरकं धरलं की कापडावर एक चकाकती ताणलेली रेघ उठून येते. ब्लाउजच्या पाठीवर अशा दोन-तीन रेघा आल्या की इस्त्री, पाण्याचा शिडकावा, नखाने सारखं करणं, कशानेही त्या पुरत्या जात नाहीत. तंतूची लांबी शिवणीत गेलेली असते, ती परत येत नाही.

फॉलला हा प्रकार आणखी जाचक होतो. साडीचा ताणा लांबीत धावतो आणि फॉलची शिवणही काठाला धरून लांबीतच जाते. म्हणजे सुई कितीतरी अंतर त्याच एक-दोन धाग्यांच्या आसपास टोचत राहते. धागा थोडाथोडा आवळत गेला की काठ लाटेसारखा होतो. महेश्वरीचा काठ, त्यातही दोन्ही बाजूंनी नेसता येणारा बुगडीचा काठ, सरळ पडला नाही तर निऱ्यांची सगळी शोभा जाते.

इथे पुष्कळजण टेन्शन सैल करत बसतात. दोष सुईचा की टेन्शनचा, हे ओळखणं सोपं आहे. चुण्या शिवणीच्या दोन्ही अंगांना सारख्या आणि बारीक असतील, तर वरच्या धाग्याचं टेन्शन (ताण) किंवा कापड दाबून धरणाऱ्या फूटचा दाब जास्त आहे. रेघ एखाद्या भोकातून निघून एकाच धाग्यावरून लांब गेली असेल, तर तो सुईचा दोष. तिथे टेन्शनची चकती कितीही फिरवा, उपयोग नाही.

टोकदार ११ लावली की या रेघा माझ्या अनुभवात जवळजवळ थांबतात. अगदी शून्यावर येतात असं म्हणणार नाही. विरळ विणीच्या, झिरझिरीत तुकड्यावर क्वचित एखादी येते. पण १४ नंबरवर ज्या कापडाशी झगडावं लागतं, त्याच कापडावर ११ नंबर निमूट चालते, आणि शिवण पाहणाऱ्याला हातातच फरक जाणवतो.

आता १४ च्या बाजूचंही बोललं पाहिजे, कारण तिला सरसकट बाद करणं अन्यायाचं होईल. ती काटक आहे. अस्तर, कॅनव्हास आणि दुमडलेली पट्टी असे चार-पाच थर आले तरी वाकत नाही. नेहमीचा थोडा जाड सुती धागा तिच्या नेढ्यातून मोकळा फिरतो. टाचणीवर चुकून आपटली तरी एकदम निकामी होत नाही. गल्लीतल्या दुकानातही मिळते आणि स्वस्त असते. तीक्ष्ण ११ यातल्या प्रत्येक बाबतीत मागे आहे. तिचं टोक लवकर जातं. टाचण्या काढत काढत शिवण्याची सवय लावून घ्यावी लागते. जाड धागा घातला तर नेढ्यात घासून तो पिसकटतो आणि तुटतो. काखेखालच्या जोडावर थर वाढले की सुई वाकून प्लेटला टेकू शकते. तिथे पाय थांबवून हाताने चाक फिरवत तो इंचभर भाग पार करावा. होजियरीवर तर ती लावूच नये, विणीचे फासे तुटून ओळीने भोकं पडतात. त्या कापडाला बॉलपॉइंट सुई, तो वेगळाच विषय.

आणखी एक अडचण जुन्या काळ्या मशीनची. इंदूरच्या मराठी घरांत आजीच्या वेळचं पायमशीन अजून जागेवर असतं आणि छान चालतं. पण अशा मशीनचं शटल, म्हणजे खालच्या धाग्याचा भाग, वर्षानुवर्षं १४ आणि १६ नंबरच्या सुईशी जुळलेलं असतं, सुई धरणारा दांडा ज्यात वर-खाली सरकतो त्या बुशिंगलाही थोडी झीज आलेली असते. शटलचं टोक सुईला जवळजवळ चाटून जायला हवं, तरच ते धाग्याचा फास उचलतं. सुई बारीक झाली की मधली फट वाढते, फास निसटतो आणि टाके सुटू लागतात. मशीन बिघडलं असं समजून लगेच मेकॅनिककडे धावू नका. तीक्ष्ण टोकाचीच ८०/१२ लावून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. तिथेही टाके सुटले, तर मात्र शटल जुळवून घ्यावं लागेल.

‘मग साधीच ११ का नको?’ हा प्रश्न रास्त आहे. चालेल. मायक्रोटेक्स मिळेपर्यंत ७५/११ ची युनिव्हर्सल हा बरा मधला मार्ग आहे. भोक लहान होतं, रेघाही कमी येतात. पण टोक गोलसरच असल्याने दुसऱ्या ब्लाउजपर्यंत तीच कुरबुर सुरू होते. आणि ११ च्या खाली, म्हणजे ९ किंवा १० वर, घरच्या मशीनला शक्यतो जाऊ नये. सुई फार लवचीक होते, आणि नव्या मशीनमधलं धागा ओवण्याचं आपोआप चालणारं हुक इतक्या बारीक नेढ्यात सहसा शिरत नाही.

सुई कोणतीही ठरवा, बसवण्यात चूक झाली तर तुलनाच फोल. प्लग काढा, पायमशीन असेल तर पाय पायट्यावरून खाली. चाक आपल्याकडे फिरवून सुई सगळ्यात वर आणा. फूट खाली घ्या आणि त्याखाली कागद सरकवा, म्हणजे सुई निसटली तरी प्लेटच्या भोकात पडणार नाही. स्क्रू पूर्ण काढू नका, एखादा फेरा सैल पुरतो. नवी सुई लावताना चपटी बाजू कुठे करायची यावर सगळ्यांचा गोंधळ होतो. झिगझॅगच्या नव्या मशीनवर ती मागे जाते. जुन्या काळ्या मशीनवर ती डाव्या-उजव्या अंगाला असते आणि मॉडेलप्रमाणे बदलते. तिथे सुईवरची लांब खाच पाहा. धागा ज्या शेवटच्या कडीतून सुईकडे येतो, तिच्याकडे खाच हवी, चपटी बाजू तिच्या उलट. धागा खाचेच्या बाजूने आत जातो आणि चपट्या बाजूने बाहेर पडतो.

मग सुई वर अडेपर्यंत ढकला. एक-दीड मिलिमीटर जरी खाली राहिली तरी टाके सुटतात, कधी शटलवर आपटून मोडते. ढकलूनही वर जात नसेल तर आत धाग्याचा गुंता किंवा आधीच्या सुईचा तुकडा अडकलेला असतो, तो टाचणीने काढा. स्क्रू बोटांनी घट्ट करून वर पेचकसाने पाव फेरा द्या. जास्त आवळला तर आटे जातात, आणि जुन्या मशीनचा तसाच स्क्रू शोधणं हे मोठं काम आहे. शेवटी चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून सुई कुठे टेकत नाही ना ते पाहा.

११ नंबरला धागा बारीक पॉलिस्टरचा घ्या. जोडी जमते का हे पाहायला सुई हातात असतानाच त्यात वीत-दीड वीत धागा ओवा, तो ताणून तिरका धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली पाहिजे. अडत अडत आली तर धागा जाड आहे. टाका २ ते २.५ मिमीच्या मधे ठेवा. झिगझॅग मशीनच्या प्लेटचं भोक आडवं रुंद असतं आणि पातळ रेशीम सुरुवातीलाच त्यात खेचलं जातं. शिवण कापडाच्या अगदी कडेला सुरू करू नका, सेंटिमीटरभर आतून घ्या, खाली पतंगी कागदाची पट्टी धरा आणि नंतर फाडून टाका. काळ्या मशीनच्या प्लेटला छोटं गोल भोक असतं, त्यामुळे सरळ शिवणीत ते मशीन इथे सरस ठरतं.

ब्लाउजपीसच्या कडेच्या मायेतून बोटभर तुकडा आधी काढून घ्या. त्यावर एक शिवण उभी आणि एक आडवी घालून खिडकीशी धरून पाहा. तुमच्या महेश्वरीत सुताचा भाग जास्त असेल आणि कोरी १४ तिथे स्वच्छ चालत असेल, तर नव्या खर्चाची गरज नाही. रेघ दिसली तर उत्तर मिळालंच.

आयुष्याचा साधारण हिशेब आठ तासांच्या शिवणीमागे एक सुई असा धरतात. तीक्ष्ण सुईला मी त्याहून कमी धरतो: दोन अस्तराचे ब्लाउज, किंवा जरीच्या काठावरून गेली असेल तर एकच. जरीची तार सुईचं टोक फार लवकर खाते, म्हणून जमेल तिथे शिवण जरीच्या दोन रेषांच्या मधून न्यावी. बोथटलेली सुई आवाजावरून कळते, कापडात शिरताना टप्-टप् असा ठोका येतो. शंका असेल तर टोक नखावरून हलकेच ओढा, ओरखडा उठला तर बदला. चपटी बाजू काचेवर ठेवली की वाकही दिसतो.

खर्चाच्या दृष्टीने मला परवडणारी सोय अशी वाटते: रोजच्या शिवणीला १४, आणि टोकदार ११ चं पाच सुयांचं एक पाकीट फक्त रेशमासाठी राखून. अर्धवट वापरलेली ११ काढून ठेवताना ती चौदांत मिसळू नये, यासाठी तिच्यावर केलेलं शेवटचं काम चिठ्ठीवर लिहून ती त्या चिठ्ठीत टोचून ठेवा. श्मेट्झ कंपनीच्या सुया असतील तर दांड्यावरचे रंगच सांगतात: मायक्रोटेक्सला वरचा पट्टा जांभळा, ७५ ला खालचा गुलाबी, साध्या ९० ला एकच निळा. दुकानात मागताना नुसतं ‘ग्यारह नंबर’ म्हणू नका, साधीच मिळेल. पाकिटावर मायक्रोटेक्स किंवा एच-एम वाचून घ्या. पावसाळ्याआधी पाकिटं झाकणाच्या डबीत टाका, गंजाचा एक ठिपकासुद्धा रेशमाला पुरतो. मोडक्या-बोथट सुया औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवा, आणि बाटली भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. सुक्या कचऱ्यात गेली तर ती वेगळं करणाऱ्याच्या हाताला लागते.