बाल्कनीतल्या पोपटांसाठी घेतलेला झूम कॅमेरा: पाडव्यापासून पावसापर्यंत

कॅमेरा गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरमधून परत आला, म्हणून आता लिहायला बसले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण भांडण अजून चालू आहे. साठपट झूम, लेन्स बदलता न येणारी, सेन्सर छोटा. या बजेटमध्ये ज्यांनी शोधाशोध केली असेल त्यांना एवढं पुरे.

दिवाळीच्या पाडव्याला घेतला तो फक्त पोपटांसाठी. कोथरूडला तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, समोर जुना रेन ट्री. कुंड्यांत सूर्यफुलं लावली की राघू येतात, बी भरायचीसुद्धा वाट बघत नाहीत. एप्रिलमध्ये वाळत घातलेल्या बेडगी मिरच्यांचाही फडशा पाडला. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे 'झोंबली की जातील' ही सासूबाईंची आशा फोल ठरली.

फोटो कसे येतात ते पटकन सांगते. सकाळचं ऊन असेल तर उत्तम. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ती सेटिंग) ४०० पर्यंत पिसन् पीस मोजून घ्या, ८०० नंतर सगळं एकमेकांत मिसळतं. पूर्ण झूम केला की जवळचा पक्षी फोकसच होत नाही, त्यामुळे बाल्कनीतल्या पोपटासाठी मला हॉलच्या सोफ्यापर्यंत मागे जावं लागतं. म्हणजे साठपटीचे पैसे मोजायचे आणि वापरायची वीसपट.

पण माझा खरा राग आहे तो आवाजावर. चालू केला की लेन्स बाहेर येताना घर्रर्र. मिनिटभर हात लावला नाही की घर्रर्र करून आत. काढलेला फोटो बघायला प्लेबॅक दाबलं तरी थोड्या वेळाने आत. पुन्हा अर्धं शटर दाबलं की पुन्हा बाहेर. पहाटेच्या शांततेत शेजाऱ्यांचा मिक्सर चालू झाल्यासारखा वाटतो. त्या आवाजाने सुरुवातीला सगळा थवा भुर्र. माझ्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरचे फोटो म्हणजे हलणाऱ्या फांद्या आणि एखादी लांब शेपटी. ऑटो पॉवर ऑफ बंद करून ठेवलं तर बॅटरी पोहे होईपर्यंतसुद्धा टिकेना. मग तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून डुप्लिकेट बॅटरी आणली. ती चांगली चालते, कंपनीच्या बॅटरीचा भाव ऐकून तर मी दुकानातच हसले होते.

रंगाचीही तक्रार होती. पोपट इतके भडक हिरवे यायचे की खेळण्यातले वाटावेत. ते बाल्कनीला लावलेल्या हिरव्या शेडनेटमुळे. जाळीतून गाळून येणारा उजेडच हिरवा, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) गोंधळतो. कोऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स सेट केला, एक्स्पोजर थोडं उणे, म्हणजे फोटो जरा गडद, ठेवलं, की लाल चोचीतले बारकावेही उरतात आणि नराच्या गळ्यातली काळी-गुलाबी पट्टी नीट सुटी दिसते. मादीला ती नसते, आणि पिल्लू नरालाही पहिली दोन-तीन वर्षं नसते. तेव्हा 'सगळ्या माद्याच येतात' असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं.

फेब्रुवारीत मात्र माझं मत फिरलं. पोपट घर्रर्रला सरावले. नुसते सरावले नाहीत, तर आवाज झाला की खाणं थांबवून मान तिरकी करून बघायला लागले. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नीट बघायचं तर तो एक डोळा आपल्याकडे वळवतो. त्या क्षणी फिकट बुबुळ, भोवतीचं केशरी कडं आणि आकसणारी बाहुली, सगळं मिळतं. माझे सगळ्यात चांगले फोटो या वैतागवाण्या मोटरने काढून दिलेत. मार्चमध्ये एकदा तुईया पोपट आला, नर, जांभळट-लाल डोक्याचा. टेकडीकडून चुकून आला असावा. त्यानेही घर्रर्र ऐकून मान वळवली. (खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "एखादा पकडून पिंजऱ्यात ठेवा की." आपले पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना जिन्यातच ऐकवलं.)

आणि मग पहिला पाऊस. लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली, स्क्रीनवर लेन्स एरर. वॉरंटी शिल्लक होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, आत मॉइश्चर आहे, वॉरंटीत बसत नाही." आणि किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं एस्टिमेट पुढे केलं. मी म्हटलं, "अरे बाळा, कॅमेरा घराबाहेर गेलेला नाही. पुण्याची पावसाळी हवा चालत नसेल तर पुण्यात विकता कशाला?" बँकेत आयुष्य गेलंय, अटी वाचायची सवय आहे. कार्डावर 'द्रव सांडल्याने झालेलं नुकसान' असं होतं, हवेतल्या दमटपणाबद्दल अवाक्षर नाही. जॉबशीटवर नकाराचं कारण लिहून सही करा म्हटलं, तर कोणी पेन उचलेना. घरी येऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर पार्ट फुकट झाला, लेबर चार्ज मात्र घेतलाच. पावती जपून ठेवली आहे.

आता नवी मोटर बसवली आहे आणि ती चक्क शांत आहे. लेन्स कधी बाहेर आली ते मलाही कळत नाही. पोपट मजेत सूर्यफूल सोलत बसतात, माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. सगळे फोटो पाठमोरे. स्टीलचा डबा वाजवून पाहिला, तर उडूनच गेले.

घ्यायचा असेल तर आवाजासाठी अडू नका, उलट दुकानात दोनदा चालू-बंद करून तो येतोय ना ते ऐका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात फुकट मिळतात त्यांवर भागतं. सध्या तीन तारे देते. लेबर चार्ज परत आला तर साडेतीन.