रूल्स ऑफ ओरिजिन फॅसिलिटेटर: एफटीए झाल्यावर पहिल्यांदा उघडायचं टूल

कुठल्याही नव्या देशाशी एफटीए, म्हणजे मुक्त व्यापार करार, झाला की मला ओळखीतल्या एक्स्पोर्टर लोकांचे फोन सुरू होतात, आता तिकडे ड्युटी शून्य ना, मग पाठवू का माल? माझं उत्तर ठरलेलं असतं, थांबा, आधी तुमचा माल त्या करारात ओरिजिनेटिंग, म्हणजे आपल्याच देशात तयार झालेला, ठरतो का ते बघू. ते बघायला मी जे ऑनलाइन टूल वापरते त्याचा हा रिव्ह्यू. नाव रूल्स ऑफ ओरिजिन फॅसिलिटेटर, जिनिव्हाचं इंटरनॅशनल ट्रेड सेंटर, डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) आणि वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशन या तिघांनी मिळून केलेलं, २०१८ पासून आहे आणि पूर्ण फुकट आहे.

हे वापरायला लागायच्या आधीचा आमचा अनुभव सांगते, म्हणजे मी याच्याबद्दल एवढं का बोलतेय ते कळेल. एका कन्सल्टंटने आम्हाला सांगितलं की करार आहे म्हणजे ड्युटी लागणार नाही, आम्ही त्याच हिशोबाने बायरला रेट दिला आणि कॉटनचे शर्ट पाठवून मोकळे झालो. शर्ट शिवले आम्हीच, पण कापड आणलेलं तिसऱ्याच देशातून, आणि करारात नियम असा होता की कापडसुद्धा करारातल्याच देशात विणलेलं पाहिजे. बायरला पूर्ण ड्युटी भरावी लागली, फरक आम्ही सोसला आणि पुढची ऑर्डर काही आली नाही. एक नियम आधी वाचला असता तर हे सगळं टळलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता टूल काय करतं. माल कुठून जाणार, कुठे जाणार आणि मालाचा एचएस कोड (कस्टम्समध्ये प्रत्येक मालाला असलेला आकडा), एवढं टाकायचं. मग त्या दोन देशांमध्ये कुठले करार लागू आहेत, करार नसेल तर किती ड्युटी, करारात किती आणि त्या सवलतीसाठी तुमच्या मालाने कुठला नियम पाळायचा, हे सगळं एकाच ठिकाणी दिसतं. जगात साडेतीनशेहून जास्त व्यापार करार लागू आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९९५ मध्येच या गुंत्याला स्पॅगेटी बोल, म्हणजे एकमेकांत अडकलेल्या शेवयांचं भांडं, म्हटलं होतं. अशा जंजाळात छोट्या धंदेवाल्याने मूळ करार उघडून हजारभर पानं वाचावीत ही अपेक्षाच चुकीची आहे.

मला याची खरी किंमत कळली ती दुसऱ्यांची उदाहरणं घालून बघितल्यावर. व्हिएतनाम ते युरोपियन युनियन, कोड ६२०५.२०, म्हणजे पुरुषांचा कॉटन शर्ट. युरोपची नेहमीची ड्युटी १२ टक्के, आणि त्यांचा करार १ ऑगस्ट २०२० पासून लागू. सवलत हवी तर कापड विणणं आणि शिवणं दोन्ही करारातल्या देशात झालं पाहिजे. व्हिएतनामच्या गारमेंटवाल्यांचं बरंचसं कापड येतं चीनमधून, मग सवलत कशी मिळणार? पण क्युम्युलेशनच्या, म्हणजे दुसऱ्या देशाचा कच्चा माल आपलाच धरायच्या, कलमात दक्षिण कोरियाच्या कापडाला परवानगी दिलेली आहे, कारण कोरियाचाही युरोपशी करार आहे. म्हणजे शिवणकाम तेच, कारागीर तेच, फक्त कापडाचा सप्लायर बदलला की निकाल बदलतो! तोच व्हिएतनाम सीपीटीपीपी या पॅसिफिक भागातल्या देशांच्या करारामधून कॅनडाला शर्ट पाठवत असेल तर साधारणपणे सूतसुद्धा सदस्य देशांतलंच लागतं. एकाच शर्टाला दोन मार्केटमध्ये दोन नियम, आणि हे माल शिवायच्या नाही, कापडाची ऑर्डर द्यायच्या आधी माहीत पाहिजे.

दोन्ही ड्युटी शेजारी शेजारी दिसतात हेही मला फार कामाचं वाटतं. काही मालावर करार नसतानाही ड्युटी शून्यच असते, तिथे ओरिजिनच्या सर्टिफिकेटच्या मागे धावण्यात अर्थ नाही, आणि फरक एक-दोन टक्केच असेल तर कागदपत्रांचा खर्च वजा करून काय उरतं ते बघावं लागतं. जिथे फरक दहा-बारा टक्के आहे तिथे मात्र जोर लावायचा.

देशाच्या पातळीवरही हेच दिसतं असं माझं मत आहे. मेक्सिकोचं बघा, करारांचं जाळं जवळपास ५० देशांशी, तरी ८० टक्क्यांहून जास्त निर्यात एकट्या अमेरिकेला. शेजार, जुन्या सप्लाय चेन ही कारणं आहेतच, पण नुसत्या सह्यांनी मार्केट बदलत नाही हे त्यातून स्पष्ट दिसतं. चिलीनेही युरोपियन युनियन, अमेरिका, दक्षिण कोरिया, चीन असे एकामागून एक करार केले. कोरियाचा तर पहिलाच एफटीए चिलीशी, २००४ मध्ये लागू झालेला. पण करार कितीही चांगला असला तरी शेवटी कुणीतरी एका छोट्या ऑफिसात बसून ओरिजिनचा पुरावा जमवतो तेव्हाच ती सवलत मिळते. सरकारं करार करताना जेवढी मेहनत घेतात त्यातली थोडी तरी हे समजावून सांगायला घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आता काळजी कुठे घ्यायची. एचएस कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले, त्यामुळे नेमकी ड्युटी समोरच्या देशाच्या टॅरिफमध्ये तपासायचीच. शिवाय कोड ठराविक वर्षांनी बदलतात, उदाहरणार्थ ड्रोनसाठी ८८०६ हे वेगळं हेडिंग २०२२ च्या आवृत्तीत आलं, आणि बरेच करार जुन्या आवृत्तीत लिहिलेले असतात. आरसीईपी हा आशिया-पॅसिफिक देशांचा करार लागू झाला १ जानेवारी २०२२ ला तेव्हा त्याचे प्रॉडक्टचे नियम २०१२ च्या कोडवर होते, नंतर ते २०२२ च्या कोडवर आणले. कोड चुकला तर पुढचं सगळंच चुकतं, म्हणून त्यात घाई नको.

दुसरं म्हणजे हे माहिती देणारं टूल आहे, शेवटचा शब्द आयात करणाऱ्या देशाच्या कस्टम्सचा. शंका असेल तर बायरला सांगून तिथल्या कस्टम्सकडून अॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे माल पाठवायच्या आधीच त्यांचा निर्णय, घ्यायचं. डब्ल्यूटीओचा ट्रेड फॅसिलिटेशन करार २०१७ पासून लागू आहे, त्यात ही सोय आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात.

तिसरं, वाटेत माल दुसऱ्या देशात उतरणार असेल तर डायरेक्ट ट्रान्सपोर्टचं कलम नक्की वाचा. तिथे माल कस्टम्सच्या देखरेखीखाली राहिला याचा पुरावा नसेल तर ओरिजिन बरोबर असूनही सवलत जाऊ शकते. सर्टिफिकेट कोण देणार, सरकारी ऑथोरिटी की एक्स्पोर्टर स्वतः, हेही करारागणिक वेगळं असतं, आणि ती माहितीही टूलमध्ये मिळते.

भाषा सुरुवातीला जड जाते हे खरं. चेंज ऑफ टॅरिफ हेडिंग, व्हॅल्यू कंटेंट, डी मिनिमिस असले शब्द पहिल्यांदा वाचून मीही गोंधळले होते, पण आपल्याच मालाचं बिल ऑफ मटेरियल (मालात काय काय कच्चा माल लागला त्याची यादी) शेजारी ठेवून वाचलं की तिसऱ्या-चौथ्या वेळेला डोक्यात बसतं.

सध्या मी आमच्या शर्टांसाठी तीन मार्केट लावून बघतेय. दोन ठिकाणी कापडाचा नियम आडवा येतोय, तिसऱ्या ठिकाणी नुसतं कापणं-शिवणं पुरतंय, सॅम्पल तिकडेच पाठवलेत.