नॉर्वेची बर्गन-किर्केनेस बोट, उन्हाळ्यात: कोणी जावं, काय घ्यावं, काय सोडावं

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी शिव्या घालायला नको. ह्या बोटीवर कॅसिनो नाही, रात्रीचे डान्स शो नाहीत, वॉटर स्लाइड नाही, आणि मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर असतो तसा बॉलीवूड नाइट तर नाहीच नाही. ही नॉर्वेच्या किनाऱ्यावरची एसटी आहे हो, पाण्यावर चालणारी. बर्गनहून निघते, 34 बंदरं घेत घेत पार रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला जाते आणि तश्शीच परत येते. माल चढतो-उतरतो, गावातली माणसं दोन स्टॉप पुढे मावशीकडे जायला म्हणून चढतात, आणि आपण टुरिस्ट मंडळी वरच्या डेकवर मोबाईल काढून उभे. 1893 साली रिचर्ड विथ नावाच्या कॅप्टनने ही सर्व्हिस सुरू केली, तेव्हा उत्तरेकडच्या गावांना टपाल पोचायला कुठल्याकुठे वेळ लागायचा. आता हुर्टिग्रूटेनच्या सात आणि 2021 पासून हाविलाच्या चार अशा बोटी मिळून हा रूट चालवतात. आमची कुठल्या कंपनीची होती ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली थोडी कुरकुर पण आहे आणि रूट तोच असल्यामुळे बहुतेक गोष्टी दोन्हीकडे लागू पडतात.

आम्ही चौघं होतो, मी, बायको, सासूबाई (कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही) आणि मेहुणा. आम्ही फक्त वरच्या दिशेने गेलो, म्हणजे बर्गन ते किर्केनेस, सहा रात्री, आणि तिथून विमानाने ओस्लो. पुण्यातला एजंट सारखा म्हणत होता की सर राउंड ट्रिपच घ्या, लोक तेच घेतात. पूर्ण राउंड ट्रिप बारा दिवसांची होते. त्याचं एक लॉजिक बरोबर आहे, जाताना जी बंदरं रात्री येतात ती येताना दिवसा येतात. पण जूनमध्ये वरच्या भागात रात्र होतच नाही ना! मग रात्रीचं बंदर हुकलं ह्याला काही अर्थ राहत नाही, झोप आवरली की झालं. परत येतानाचा एकच मोह होता, तो मधे भोक असलेला तोर्गहाटेन डोंगर, तो परतीच्या वाटेवर नीट बघायला मिळतो. बाकी एवढी सुट्टी आणि एवढे पैसे असतील तर जरूर घ्या, नाहीतर एकाच बाजूचं पुरेसं आहे, माझं तरी ठाम मत.

तारखा हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मध्यरात्रीचा सूर्य बघायचा असेल तर नॉर्थ केपला (पार उत्तरेकडचा समुद्रावरचा कडा) साधारण 14 मे ते 29 जुलै आणि ट्रोम्सो शहरात 20 मे ते 22 जुलै एवढीच खिडकी असते, ऑगस्टमध्ये गेलात तर उजेड भरपूर पण सूर्य मावळणार. दुसरं म्हणजे गायरांगर फियोर्डमध्ये (फियोर्ड म्हणजे डोंगरांमधे आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) बोट उन्हाळ्याच्या महिन्यांतच आत शिरते, तेव्हा मे महिना स्वस्त दिसला म्हणून उडी मारायच्या आधी त्या तारखेला गायरांगर आहे का ते टाइमटेबलमध्ये बघा. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर जून आणि जुलैचा पहिला अर्धा भाग, बास. आणि 17 मेच्या आसपास बर्गनला पोचणार असाल तर तो त्यांचा राष्ट्रीय दिवस असतो, पारंपरिक कपड्यातल्या मिरवणुका बघायला मजा येईल पण हॉटेल आधी पकडून ठेवा.

व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो), फी प्रौढांना 90 युरो, मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर जातात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच मागे लागा. आणि कोणी उत्साहात पुढे स्वालबार्ड (नॉर्वेचीच, आणखी उत्तरेकडची बेटं) जोडणार असेल तर लक्षात ठेवा, स्वालबार्ड शेंगेनमध्ये येत नाही, तिकडे जाऊन परत यायचं तर डबल एंट्री व्हिसा पाहिजे. ट्रॅव्हल एजंट हे आपणहून सांगतीलच असं नाही.

केबिनबद्दल. सगळे सांगतात खिडकीचीच घ्या. मी उलट सांगेन. आम्ही एक खिडकीची आणि एक आतली अशा दोन घेतल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवसापासून खिडकीवाल्या केबिनमध्ये पडदा लावून, वर शाल अडकवून झोपायची पाळी आली कारण रात्री दोनला दुपारसारखं लख्ख ऊन. आतल्या केबिनमधला मेहुणा मात्र गाढ. दिवसभर तुम्ही तसेही वरच्या पॅनोरमा लाउंजमध्ये किंवा डेकवरच असणार. खिडकी घेतलीतच तर लिमिटेड व्ह्यू लिहिलेली घेऊ नका, समोर नारिंगी लाइफबोटीचं पोट येतं आणि त्याचेच पैसे भरावे लागतात. केबिन सगळ्याच लहान असतात. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या की बाथरूमला जायला उडी मारावी लागते, तेव्हा सामान कमी न्या. आमच्या केबिनमध्ये शॉवरचं पाणी पहिल्या रात्री बाहेर वाहून आलं, रिसेप्शनला सांगितल्यावर माणूस लगेच आला पण दुरुस्ती झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाईंनी तोपर्यंत टॉवेलचा बांध घातला होता.

जेवणाचं काय? तर मांसाहारी असाल तर ऐष आहे, कॉड, सामन, कोळंबी, रेनडिअर सगळं ताजं आणि जागच्या जागचं, कुठल्या गावातून काय चढवलं तेही मेन्यूवर लिहितात. शाकाहारींनी बुकिंगच्या वेळीच कळवा आणि चढल्यावर परत एकदा सांगा. मिळतं, नाही असं नाही, पण बटाटा, मशरूम, बीट, ब्रेड, चीज ह्याच चक्रात फिरतं आणि मीठ सोडून मसाल्याशी त्यांची ओळखच नाही. ते तपकिरी ब्रुनोस्ट चीज मात्र सासूबाईंना आवडलं, गोडसर असतं, रोज सकाळी तेच. आमच्याकडे मेतकूट आणि लसणाची कोरडी चटणी होती, ती उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरवून काम भागलं. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं. दारू तर बोटीवर काय आणि गावात काय, किंमत बघून आपोआप निर्व्यसनी होतो माणूस.

आता मुद्द्याचं, बघायला काय मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेसुंड. 1904 च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं आणि मग एकाच काळात आर्ट नूवो (वळणदार, वेलबुट्टीच्या नक्षीच्या) स्टाइलमध्ये परत बांधलं, त्यामुळे गल्ल्या एकसारख्या देखण्या दिसतात. उन्हाळ्यात बोट तिथून गायरांगरला जाऊन संध्याकाळी परत ओलेसुंडलाच येते, म्हणजे अक्स्ला टेकडीच्या 418 पायऱ्या तेव्हा चढल्या तरी चालतं. गायरांगरबद्दल काय लिहू, 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, त्यावरून सेव्हन सिस्टर्सचे धबधबे, आणि कड्यावर मधेच चिकटलेली ओसाड शेतघरं. त्यातल्या स्कागेफ्लो नावाच्या वाडीची गोष्ट सांगतात, की टॅक्स वसूल करणारा आला की शिडी वर ओढून घ्यायचे. खरी-खोटी देव जाणे, पण मेहुणा सीए असल्यामुळे ही गोष्ट त्याला पुढचे चार दिवस ऐकवली.

ट्रॉन्डहाइमला बोट थोडा जास्त वेळ थांबते, निदारोस कॅथेड्रलपर्यंत चालत जाऊन येता येतं, बसच्या ट्रिपची गरज नाही. ट्रोम्सोला पण तेच, पुलावरून चालत पलीकडे गेलात की आर्क्टिक कॅथेड्रल आणि जवळच केबल कार. बोटीवर विकतात त्या ट्रिपा महाग असतात हो, चौघांच्या मिळून बघितल्या तर डोळे पांढरे होतात. शहरांतल्या सगळ्या सोडा. पैसे नॉर्थ केपसाठी ठेवा, कारण होनिंग्सवोग ह्या जवळच्या बंदराहून तिथे स्वतः जाऊन बोटीच्या वेळेत परत येणं म्हणजे डोक्याला ताप.

नॉर्थ केपला आम्हाला धुकं लागलं. म्हणजे किती, तर तो लोखंडी पृथ्वीगोल दहा पावलांवर येईपर्यंत दिसला नाही आणि 307 मीटरचा कडा कुठे संपतो ते कठड्याला हात लावून कळलं. मधेच पाच मिनिटं फाटलं, खाली राखाडी समुद्र दिसला, सगळे कठड्याकडे पळाले, परत बंद. हे तिथे नेहमीचंच आहे, तेव्हा मन घट्ट करून जा. आत हॉलमध्ये एक छोटंसं थाई म्युझियम आहे, सयामचे राजे चुलालोंगकोर्न 1907 मध्ये इथे आले होते त्याची आठवण म्हणून, मला त्या दिवसातलं सगळ्यात आवडलेलं तेच. येताना रस्त्यावर रेनडिअर उभे, ड्रायव्हर हॉर्न न देता शांत थांबून राहिला. आणि होनिंग्सवोगला ते साधं पांढरं चर्च बघा, 1944 मध्ये जर्मन सैन्याने माघार घेताना अख्खं फिनमार्क (नॉर्वेचा हा उत्तरेकडचा भाग) जाळत नेलं तेव्हा ह्या गावात तेवढं एकच उभं राहिलं. तिकडची गावं इतकी नवी आणि ठोकळेबाज का दिसतात ह्याचं उत्तर तिथे मिळतं.

पण खरी मजा कुठल्याच ब्रोशरमध्ये नसलेली. रात्री एक-दीडला कुठल्यातरी बारक्या बंदराला बोट लागते, ऊन पडलेलं, पोटातला दरवाजा उघडतो, फोर्कलिफ्टवाला गरागरा वळून पॅलेट काढतो, टोमॅटोचे खोके, दाराच्या चौकटी, एक गुंडाळलेला सोफा. धक्क्यावर एक बाई कुत्र्याला घेऊन उभी, एक पोरगा बॅग घेऊन उतरतो, ती काही न बोलता त्याच्या हातात कुत्र्याचा पट्टा देते आणि बॅग स्वतः उचलते. पंधरा मिनिटांत दोर सुटतात, बोट चालू. हे बघायला मी रोज जागलो.

आर्क्टिक सर्कल ओलांडलं की डेकवर समारंभ असतो, मानेवरून कपड्यांच्या आत डावभर बर्फ ओततात. सासूबाईंनी रांगेत पहिला नंबर लावला होता, आम्ही मागे.

बोट लागणाऱ्यांसाठी, बहुतेक वेळ बेटांच्या आडोशाने जाते त्यामुळे हलत नाही, पण स्टाडचा भाग, बोडोहून लोफोटेन बेटांना जाताना वेस्टफियोर्ड, आणि शेवटी बॅरेंट्स समुद्रातली रात्र ही तीन ठिकाणं उघड्या समुद्राची. अ‍ॅव्होमिन आधी घ्या, हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. कपडे म्हणाल तर जुलैमध्येसुद्धा डेकवर कानटोपी लागली, आणि बर्गनला छत्रीपेक्षा टोपीवालं रेनकोट जाकीट बरं, तिथे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पाऊसच असतो. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी, अजिबात विसरू नका.

पाचपैकी साडेचार. अर्धा केबिनचा आणि त्या बिनमसाल्याच्या बीटाचा कापला.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र विचार करा. बारा-तेराच्या पुढची, नकाशा वाचायची आवड असलेली पोरं असतील तर खुशाल न्या, त्याहून लहान असतील तर तिसऱ्या दिवशी "आता काय करायचं" सुरू होतं. आमच्या बोटीवरच्या एका कुटुंबाचं झालं होतं तसं. ते ट्रोम्सोलाच उतरून गेले. त्यांनी बंदर ते बंदर असं सुटं तिकीट काढलं होतं, तसं मिळतं, आणि दोन-तीन दिवसांचीच चव घ्यायची असेल तर ट्रॉन्डहाइम ते ट्रोम्सो एवढाच तुकडा काढा, आर्क्टिक सर्कल आणि लोफोटेन दोन्ही त्यात येतं.