नमुना अस्सल, रिळं नकली

एलईडीच्या सुट्या चिप विकत घेऊन घरी किंवा छोट्या गाळ्यात काही बनवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आम्हाला टोपी घालणारा माणूस अजून बाजारात फिरतोय. पोलिसांत अर्ज गेलेला असल्यानं त्याचं नाव किंवा नंबर इथे देत नाही, वकिलांनीच तसं बजावलंय. पण त्याची पद्धत सांगायला काही आडकाठी नाही.

मी आणि माझा धाकटा दीर मिळून चिंचवडला ग्रो लाइट बनवतो, म्हणजे घरात, रॅकवर किंवा बंद खोलीत भाजी-रोपं वाढवायचे दिवे. दीर आयटीआय झालेला आहे, भोसरीत पॅनल वायरिंगचं काम करायचा. हिशेब, ग्राहक आणि जुळणीचं निम्मं काम माझ्याकडे. अॅल्युमिनियमचे चॅनल बोहरी आळीतून, वायर-कनेक्टर तपकीर गल्लीतून, मेटल कोअर पीसीबी (चिप बसवायचे धातूचे बोर्ड) बाहेरून बनवून घ्यायचे आणि चिप आपण बसवायच्या, असं चालतं. सुरुवातीला फ्लॅटमध्ये मायक्रोग्रीन्स (खायची कोवळी रोपं) करणारी मंडळी गिऱ्हाईक होती. मग हायड्रोपोनिक्सवाले, म्हणजे मातीविना पाण्यावर भाजी घेणारे, यायला लागले. (ड्रॅगन फ्रूटवाले शेतकरीही विचारतात. हंगामाबाहेर फुलं आणायला ते रात्री बागेत दिवे लावतात. त्यांना मी सरळ सांगते की त्या कामाला साधे एलईडी बल्ब पुरतात, आमचा महागडा दिवा नको.)

या धंद्यात पैसा चिपमध्ये असतो. चॅनल, ड्रायव्हर (चिपला ठरावीक करंट पुरवणारा डबा), वायर सगळीकडे मिळतं. पण रोपाला उपयोगी पडणाऱ्या ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात एक वॉट विजेमागे किती प्रकाश पडतो, ते चिप ठरवते. सॅमसंगची एलएम३०१बी ही चिप ग्रो लाइटवाल्यांत जगभर नावाजलेली. जेमतेम तीन मिलिमीटर लांबी-रुंदीची. ६५ मिलिअँपिअरला साधारण पावणेतीन व्होल्ट घेते आणि कंपनीच्या कागदावर वॉटमागे २२० ल्यूमेनपर्यंत देते. नाव एवढं मोठं म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर. दोन्ही पेटवून शेजारी ठेवल्या तरी डोळ्याला पांढरा उजेडच दिसतो. तुम्हाला, मला, ग्राहकाला फरक कळत नाही. कळतो तो रोपाला, आणि तेही काही आठवड्यांनी.

आम्ही आधी डिजी-कीसारख्या अधिकृत वितरकांकडून थोडा थोडा माल मागवायचो. माल खात्रीचा, पण भाव, कस्टम आणि थांबणं हे सगळं मोठ्या ऑर्डरला परवडेना. त्याच सुमाराला तळेगावकडच्या एका हायड्रोपोनिक्सवाल्यानं एकदम मोठं काम दिलं, रॅकच्या रॅक. आणि मोशीच्या शेती प्रदर्शनात ओळख झालेल्या एका ‘इम्पोर्टर’चा फोन आला.

माणूस मराठी, बोलायला अतिशय नम्र. ‘ताई, तुम्ही आधी नमुना तपासा, पैशाचं मग बोलू.’ दीराला चिपमधलं कळतं हे त्यानं पहिल्याच फोनमध्ये ताडलं असावं, कारण बिन कोड (चिपच्या प्रतवारीचा क्रमांक), रंगाचं तापमान, सगळं तोच आपणहून सांगत होता. नमुन्याची पट्टी आली. दीरानं आमच्याकडच्या अस्सल चिपशी ताडून पाहिली. व्होल्टेज तेच, उजेड तोच. मग एक छोटी ऑर्डर दिली, तीही अस्सल निघाली. त्याचे दिवे आजही उत्तम चालताहेत.

भावाबद्दल खास सांगायचंय. ‘फार स्वस्त दिसलं की संशय घ्या’ असं सगळे सांगतात. या माणसाचा भाव फार स्वस्त नव्हताच. आम्हाला आधी पडत होता त्यापेक्षा दहा-बारा टक्के कमी, बस. घासाघीस केली तर वर ऐकवायचा, ‘ताई, ओरिजिनलमध्ये एवढंच मार्जिन असतं.’ म्हणजे भाव हीच त्याची ओरिजिनलची साक्ष.

मोठ्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली बिल्टीची (माल रवाना केल्याच्या पावतीची) प्रत मिळाल्यावर, असं ठरलं. या वेळचं बिल आधीच्या फर्मचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘मिसेसच्या नावाची फर्म आहे, जीएसटीच्या सोयीसाठी.’ अशी सोय अर्धा बाजार करतो. बिलावर मालाचं वर्णन होतं: ‘एसएमडी एलईडी ३०३० व्हाइट’. ना कंपनीचं नाव, ना पार्ट नंबर.

रिळं आली, म्हणजे चिप भरलेल्या लांब पट्ट्यांची गुंडाळी. सीलबंद चंदेरी पिशवी, आत ओलावा शोषणारी पुडी, लेबल, बारकोड, सगळं जागच्या जागी. दीरानं नेहमीप्रमाणे रिळाच्या सुरुवातीच्या चिप काढून तपासल्या. अस्सल. खरी हातचलाखी इथे होती आणि तीच सगळ्यांना कळावी म्हणून हा खटाटोप. प्रत्येक रिळाचा सुरुवातीचा हातभर तुकडा खऱ्या चिपचा होता. पुढे जोडपट्टी लावून नकली माल जोडलेला. रिळांना जोड असणं या व्यवसायात नवल नाही, कारखान्यातही पट्ट्या जोडतात, त्यामुळे जोड दिसला तरी कुणी दचकत नाही. तपासणारा माणूस रिळाचं टोक तपासणार, मधलं पोट फाडून बघणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दिवे बनले, तळेगावला लागले. थंडी सुरू झाली आणि ग्राहकाचा फोन आला. ‘मॅडम, पहाटे टायमर लागला की काही दिवे नुसते फडफडतात. तासाभरानं आपोआप नीट होतात.’ पहिला संशय ड्रायव्हरवर, दुसरा तिथल्या विजेवर. ड्रायव्हर बदलून पाहिले, तरी तेच.

उलगडा वॉटमीटरनं केला. हे प्लगमध्ये लावायचं साधं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. दीरानं जुना दिवा आणि नवा दिवा पाळीपाळीनं लावला. करंट दोन्हीकडे सारखाच बांधलेला, तरी नवा दिवा सातेक टक्के जास्त वॉट खात होता. करंट तोच आणि वॉट जास्त, म्हणजे चिप जास्त व्होल्ट मागतेय. आमच्या बोर्डावर १६ चिपची एक माळ असते. पावणेतीन व्होल्टनं माळेला ४४ व्होल्ट लागतात आणि आमचा ड्रायव्हर ४८ पर्यंत देतो, म्हणजे भरपूर जागा. नव्या चिप २.९५ च्या आसपास घेत होत्या, म्हणजे माळ ४७ च्याही वर. एलईडी गार असली की तिला व्होल्ट आणखी थोडे जास्त लागतात. पहाटेच्या गारठ्यात माळ ४८ ला टेकायची आणि ड्रायव्हर हात टेकायचा. दिवा तापला की मागणी उतरायची आणि सगळं सुरळीत. ‘वहिनी, हा आपला माल नाहीच,’ दीर म्हणाला आणि उरलेल्या रिळाचं मधलं पोट कापायला बसला.

कृषी महाविद्यालयात ओळखीचे एक प्राध्यापक आहेत, त्यांनी पार मीटर (रोपाला उपयोगी प्रकाश मोजणारं यंत्र) घेऊन येण्याची मेहरबानी केली. सारख्याच उंचीवर जुना दिवा चौरस मीटरला, सेकंदाला सव्वादोनशे मायक्रोमोलच्या आसपास दाखवत होता, नवा दीडशेला पोचत नव्हता. १६ तास दिवा जळतो असं धरलं तर रोपाला दिवसाला तेरा मोलऐवजी साडेआठ मोलच मिळत होते. लेट्यूसला साधारण बारा ते सतरा लागतात. ग्राहकाची रोपं लांबुडकी, फिकट का होताहेत, पंधरा दिवस पाणी-खताचे प्रयोग करूनही गड्डा का भरत नाही, ते तिथंच कळलं. पुढे काही चिप जळायलाही लागल्या, आणि माळेतली एक गेली की सगळी माळ अंधारात.

फोन केला. आधी म्हणाला, ‘ताई, सोल्डरिंगला हीट जास्त दिली असेल.’ मग हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या भागावर) घसरला. मग ड्रायव्हर चायनाचा असेल, म्हणाला. मीटरचे फोटो पाठवले तेव्हा सूर बदलला, ‘सगळी रिळं परत पाठवा, कंपनीकडून बदलून देतो.’ ऐकायला गोड वाटतं, पण रिळं गेली की पुरावाही गेला. आम्ही म्हणालो, माणूस पाठवा, पंचनामा करून माल न्या. माणूस आला नाही.

मग मी जुने मेसेज काढले. तेव्हा लक्षात आलं की चिपचं पूर्ण नाव त्यानं कधीही लिहिलेलं नाही. फोनवर तोंडानं ‘सॅमसंग’ आणि लिहिताना प्रत्येक वेळी ‘एसएस चिप’. जाब विचारला तर म्हणतो, ‘एसएस म्हणजे सुपर शाइन, ताई. मी कुठं कंपनीचं नाव घेतलं?’ एवढा निर्लज्जपणा ऐकून मला क्षणभर हसूच आलं.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे: ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. माल आला, बिल आहे, बिलावर कंपनीचं नाव नाही. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते अगदीच चुकीचं नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली (पूर्वीचं ४२०) फसवणूक दाखवायची तर सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. हेतू दाखवायला कामी आल्या दोन गोष्टी. एक तर तो जोड. खराब माल चुकून येऊ शकतो, पण प्रत्येक रिळाच्या तोंडाशी खरा तुकडा चुकून लागत नाही. दुसरी म्हणजे लेबलं. सगळ्या रिळांवर एकच लॉट नंबर होता आणि बारकोडही अक्षरशः एकच, म्हणजे एका लेबलाचा फोटो काढून छापलेली. नाशिकच्या एका दिवेवाल्याला विचारलं तर त्याच्या रिळावरही तोच नंबर निघाला. त्यानंही अर्ज दिला. दोन जिल्ह्यांतून एकच लेबल आल्यावर आमच्या अर्जाकडे बघण्याची नजर जरा बदलली. खोटा ट्रेडमार्क लावून माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखालीही गुन्हा आहे, ते वकिलांनी अर्जात वेगळं लिहिलं.

हितचिंतकांनी बरेच रस्ते सुचवले. एमएसएमई समाधान या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, असं तर दर दुसरा माणूस म्हणाला. ती सोय माल विकून पैसे अडकलेल्या छोट्या उद्योगासाठी आहे, खराब माल घेऊन बसलेल्याला तिचा उपयोग नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर चांगला आहे, पण पैसे गेल्या गेल्या फोन केला तर. आमचे पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले होते. ग्राहक आयोगाचा दरवाजा धंद्याच्या खरेदीला एरवी बंद असतो. मात्र स्वतः राबून पोट भरणाऱ्यानं उपजीविकेसाठी केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं या बंदीतून वगळलेली आहे. आमचं दोघांचं काम त्यात बसतं असं वकिलांचं मत आहे. तो दावा वेगळा टाकलाय.

आणखी एक फटका बसला, तो उशिरा कळला. बिलात आम्ही भरलेल्या जीएसटीची वजावट २बी मध्ये (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून आपोआप तयार होणाऱ्या जीएसटीच्या तक्त्यात) दिसेचना. ‘मिसेसच्या फर्म’नं विवरणपत्रच भरलं नव्हतं. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुठलाही नंबर टाकला की फर्म कधी नोंदली, कसला व्यवसाय आहे, विवरणपत्रं भरली का, हे फुकट दिसतं. या फर्मची नोंदणी आमच्या ऑर्डरच्या थोडंच आधीची होती आणि व्यवसाय म्हणून कापड दाखवलेलं होतं.

तळेगावच्या ग्राहकाला सगळे बोर्ड आम्ही पदरमोड करून बदलून दिले. त्यानं पुढची ऑर्डर आम्हालाच दिली, पण त्याचं एक पीक बुडालं ते बुडालंच. त्या हंगामात आमच्या हाती नफा म्हणून काही उरलं नाही.

आता आमच्या खरेदीच्या कागदावर कंपनीचं नाव आणि पूर्ण पार्ट नंबर लिहिलेला असतो, आणि विक्रेत्याच्या बिलावर तो जसाच्या तसा येईल ही अट असते. तो लिहायला का-कू करणारा विक्रेता तिथंच बाद. रीळ आलं की तोंडाशी, मध्यावर आणि शेवटाला, तिन्हीकडच्या चिप ६५ मिलिअँपिअरवर मोजतो, आणि जोड दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या. उरलेली रक्कम या मोजणीनंतर. दोन विक्रेते या अटीवर तयार झाले, तिघांनी फोन घेणं बंद केलं.

तुमच्याकडे अशी रिळं असतील तर ती परत पाठवू नका, लेबल फाडू नका, जोडाचे फोटो काढा आणि सगळ्या लेबलांचे नंबर एकमेकांशी जुळवून पाहा. नंबर सारखे निघाले तर आपल्या हद्दीतल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाशिकवाल्याच्या अर्जामुळे आमचा पुढे सरकला. तिसरा आला तर तपास अधिकाऱ्याला तिन्ही एकत्र मागवता येतील, असं त्यांनीच सांगितलंय.