देहविक्रीचा धंदा करणाऱ्या पुरुषांसाठीची मोफत एचआयव्ही सेवा : काय चांगलं, कुठे अडतं

एड्स नियंत्रण कार्यक्रमात संस्थांमार्फत चालणाऱ्या टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या) प्रकल्पांत धंदा करणाऱ्या पुरुषांसाठी वेगळा गट नाही. त्यांची गणना एमएसएममध्येच, म्हणजे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांतच होते. म्हणून सेवा मिळते, पण रात्री काम करणाऱ्याच्या वेळेला ती बेतलेली नसते.

चाचणीबद्दल तक्रार नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि निकाल थोड्याच वेळात कळतो. रिॲक्टिव्ह (लागणीची शक्यता दाखवणारा) आला तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटांवर खात्री करतात. ती होईपर्यंत स्वतःला पॉझिटिव्ह धरू नका. जोखमीनंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी 90 दिवसांनी पुन्हा करायलाच हवी. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यामुळे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकालही परस्पर कुणाला सांगता येत नाही.

कंडोम भरपूर मिळतात, वंगणाचं जेल मात्र हवं तेव्हा हाती नसतं, आणि गुदमैथुनात खरी गरज त्याचीच. जेल नसलं की हे पुरुष खोबरेल किंवा व्हॅसलिन वापरतात. तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन कंडोम फाटतो. एकावर एक दोन कंडोम चढवले तरी घर्षणाने तेच होतं. पाण्याचा बेस असलेलं जेल कंडोमच्या बरोबरीनेच मागून घ्या.

गुप्तरोग तपासणी डॉक्टरवर अवलंबून आहे. लघवीच्या जागेचं विचारतात, गुदद्वार आणि घसा तपासायचा राहतो. सिफिलिसचा व्रण दुखत नाही. आत असला तर दिसतही नाही. म्हणून लक्षण नसलं तरी रक्ततपासणी आवश्यक. सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा एकच डोस पुरतो, तो दोन्ही कुल्ल्यांत निम्मा-निम्मा टोचतात. हिपॅटायटिस बीची लसही विचारून घ्या.

सगळ्यात मोठी उणीव पेपची, म्हणजे जोखमीनंतर लागण टाळायला घ्यायच्या औषधाची. कंडोम फाटल्यावर गोळी 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू व्हावी लागते आणि 28 दिवस रोज घ्यावी लागते. शनिवारी रात्री प्रसंग घडला आणि केंद्र सोमवारी उघडलं, तर निम्मा वेळ गेलाच. सरकारी नियमांचा रोखही सुई टोचलेले कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेले लोक यांच्यावर आहे. गिऱ्हाइकाने जबरदस्ती केली असेल तर तो अत्याचारच आहे. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत तसं स्पष्ट सांगा. प्रेप, म्हणजे जोखमीच्या आधीपासूनच घ्यायचं प्रतिबंधक औषध, हा याहून चांगला उपाय, पण तो मोफत सरसकट मिळत नाही. सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. आधीच लागण असताना प्रेप घेतलं तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो.

समाजकार्याची बाजू माणसागणिक बदलते. 19 मे 2022च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, पत्त्याचा पुरावा नसलेल्या सेक्स वर्करला राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर आधार देण्यास सांगितलं, तेही व्यवसायाची ओळख उघड न करता. धंदा करणाऱ्या पुरुषाला खोली, बँक खातं, रेशन या सगळ्यासाठी हेच आधार लागतं. आउटरीच वर्करला (प्रकल्पाच्या वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला) या प्रमाणपत्राबद्दल थेट विचारा. कंडोम वाटपाचा आकडा भरणं सोपं असतं, त्या पुरुषाबरोबर आधार केंद्रात जाऊन बसायला अर्धा दिवस जातो. आमच्या लेखी केंद्राची खरी पारख तिथेच होते.

जवळचं केंद्र कुठे आहे हे 1097 या मोफत क्रमांकावर कळतं.